पळसाचा पुतळा

स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी मुलगी मोठ्यानं वाचते. त्या दिवशी कुडव्यातल्या आमच्या घरी ती मला समजावत होती. 'आय सॉ हिम क्रॉस द रोड' म्हणजे रस्ता पुरता ओलांडेपर्यंत पाहिलं. 'क्रॉसिंग' म्हटलं, तर ओलांडताना मधेच पाहिलं. पुढे काय झालं, ते वाक्य सांगत नाही. 'वॉन्ट'नंतर मात्र 'टू' येतं. 'शी वॉन्ट्स हिम टू कम'. तिथं काही पाहिलेलं असावं लागत नाही.

"बाबा, 'सॉ'चं एक वाक्य करा."

माझ्याकडे एकच होतं. ते मी केलं नाही.

बारा वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ आमच्या गावाहून, देवरीहून निघाला, तो परत आला नाही. हायवेवर थांबलेल्या बसच्या पायरीवर त्यानं पाय ठेवला, एवढं मी रस्त्यापलीकडून, साधारण चाळीस फुटांवरून पाहिलं. मधे ट्रक आला. ट्रक सरकला तेव्हा बस निघून गेली होती. पोलिसांना मी तेवढंच सांगितलं. घरात मात्र त्याचं 'बसमध्ये बसून गेला' असं झालं.

मुलीनं वाक्य मागितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवरीला त्याचा विधी होता. बारा वर्षं पत्ता न लागलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. पुतळा अंगणात तयार होता. अग्नी मी द्यायचा, नंतर वहिनीनं कुंकू पुसायचं.

वहिनी उठेना. काका म्हणाले, "काऊन बसून राहिली वो? तुह्या देरानं डोळ्यानं पाह्यलं ना त्याले जातानी!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, चढलेले पाह्यले का तुमी?"

"पाय ठेवतानी पाह्यलं, वहिनी. चढलेला नाही पाह्यला."

"घ्या!" काका ओरडले. "मंग काय बारा वर्सं पाय ठेवूनच राहिला का तो?"

कोणी हसलं नाही.

"मंग मी कुंकू कायले पुसू?" वहिनी म्हणाली. "नोका जाळू."

काकांनी बरंच समजावलं. ती बधली नाही. शेवटी माणसं जेवून पांगली. तयार पुतळा घरात नेत नाहीत, फेकतही नाहीत. आता त्याचं करायचं काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दुपारी अंगणात ऊन आलं, पानं वळू लागली.

वहिनी बाहेर आली. "उन्हात कायले ठेवता त्यायले?" म्हणाली, आणि खांद्याकडून धरून तिनं त्याला हळूच मांडवाच्या सावलीत ओढलं.