वाटेतली बाई

आधीच सांगते, मी थिऑलॉजीची, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राची, विद्यार्थिनी आहे. त्यामुळं लोकांना वाटतं हिला रोज दृष्टांत होत असतील. छे! होस्टेलवर भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरींची टिंगल करण्यात माझा पहिला नंबर. पण येडशीत जे झालं ना... हे बघा, लिहितानाही अंगावर काटा आलाय!

आमच्या सरांची एक पद्धत आहे. बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान तोंडपाठ करायचं आणि पुस्तक न घेता वर्गासमोर गोष्टीसारखं सांगायचं. एक प्रसंग गळाला की नापास. मी दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा एकाच जागी. याईर नावाच्या माणसाची पोरगी मरायला टेकलेली, येशू त्याच्या घरी निघतो. वाटेत बारा वर्षं आजारी असलेली एक बाई गर्दीत मागून येते, त्याच्या वस्त्राला हात लावते आणि बरी होते. मग तो पुढं पोरीकडं जातो. मला त्या पोरीची एवढी घाई, की मी थेट घरच गाठायची!

सर म्हणाले, "बाई असून बाईलाच विसरतेस होय?"

तिसऱ्यांदा चुकले असते तर कॉलेजातून नाव कमी झालं असतं. आणि इकडं भूममध्ये पप्पांनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं, आमची पोरगी चर्चची पाळक होणार म्हणून! कुठल्या तोंडानं घरी जाणार होते?

सुट्टीत येडशीला मावशीकडं आले. रोज सकाळी दहाच्या सुमाराला रामलिंगच्या देवळाच्या वाटेला जायचं आणि चालत चालत मोठ्यानं म्हणायचं. लिंबाखाली एक म्हातारी तीन शेळ्या घेऊन बसायची. मी हात जोडायची, ती हसायची. बास, एवढीच ओळख.

त्या दिवशी मी जोरात होते. याईर आला, पाया पडला, येशू निघाला... आणि मी म्हणाले, "मग ते घरी पोचले."

"थांब की! अन् वाटंतली ती बाई? बारा वर्सं झिजली, तिला तशीच सोडून चाललीस व्हय?"

खरखरीत आवाज, रागावलेला. मी वळले. म्हातारी माझ्याकडंच बघत होती. दुसरं कुणी नाही, उघडं माळरान! मी ओरडलेच, "आजी, तुम्हाला कुणी सांगितली ही गोष्ट?" ती उठली, शेळ्या हाकल्या आणि चालू लागली.

मी धावत घरी. मावशी भाकरी थापत होती. ऐकलं आणि तिचा हात तसाच राहिला. "गंगूबाई? अगं, ती बोलत न्हाय! नवरा गेला तवापासनं तोंडातनं शब्द न्हाय. बारा वर्सं झाली."

बारा! गोष्टीतल्या बाईइतकीच!

संध्याकाळी मावशीला घेऊन गंगूबाईंच्या घरी गेले. म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत होती. तिच्या सुनेला, सुनीताताईंना, सगळं सांगितलं. मला वाटलं हाकलून देतील. त्यांनी माझं मनगटच धरलं.

"आवाज कसा हाय ओ आत्याबाईंचा? मी लगीन होऊन आले ती त्यांच्या मुकेपणातच. नऊ वर्सं झाली, एकदा नावानं हाक न्हाय ऐकली. तसंच म्हणून दावा की!"

मी म्हटलं. तोच राग, तीच खरखर. सुनीताताई रडायलाच लागल्या. "परत म्हणा, ताई." म्हातारीनं मान वर केली, हसली आणि मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत घातल्या. बोलली मात्र नाही. त्यानंतरही कधी नाही.

मी पास झाले! त्या जागी आले तेव्हा वर्गात अशी थांबले, की सरांना वाटलं पुन्हा गेलं. पण बाईला घेऊनच पुढं गेले.

कुणी म्हणतं माझ्याच मनाचा खेळ, कुणी म्हणतं म्हातारीनं कुठंतरी ऐकली असेल गोष्ट. असेल. मग नेमकं मी चुकले तिथंच तोंड कसं उघडलं? मागच्या महिन्यात गंगूबाई गेल्या. माती देऊन आल्या आल्या सुनीताताईंचा फोन आला, "ताई, एकदा आत्याबाईंच्या आवाजात म्हणा." मी म्हटलं. तेच, "थांब की! अन् वाटंतली ती बाई?" सुनीताताई हळूच म्हणाल्या, "व्हय, आत्याबाई. थांबले बघा."