‘सेट झालाय’चं भाषांतर

“नेमकं काय म्हणतोय तो?” फादीने क्लिप तिसऱ्यांदा लावली.

फादी माझा बॉस, लेबनीज. दोह्यातल्या एका टेनिस स्पर्धेत आमच्याकडे मार्केटवर नजर ठेवायचं काम होतं. कतारमधला फुटबॉल वर्ल्ड कप तोंडावर आला होता, त्यामुळे कुठल्याही खेळात गडबडीचा नुसता वास आला तरी सगळे दचकायचे.

मार्केट म्हणजे भाजीचं नव्हे. परदेशातल्या वेबसाइटवर लोक एकेका सेटवर पैसे लावतात. ‘अमुक खेळाडू दुसरा सेट जिंकेल’ याला शंभरपैकी भाव असतो. साठ भाव म्हणजे लोकांना साठ टक्के शक्यता वाटते. हा भाव अचानक हलला, की कोर्टवरून कुणी आतली खबर फोडली का, हे आम्ही शोधायचं.

त्या दुपारी दुसऱ्या सेटआधी एका खेळाडूचा भाव धाडकन पडला. त्याच सुमारास कोर्टाशेजारी बसून टॅबवर स्कोअर भरणाऱ्या संकेतने फोनवरून व्हॉइस मेसेज पाठवला होता. तिथे फोनला बंदी. संकेत लातूरचा, नुकताच आलेला. सिक्युरिटीने फोन घेतला आणि मेसेज आमच्याकडे आला. ऑफिसात मराठी येणारी मी एकटीच.

प्रेक्षकांच्या गोंगाटात एवढंच ऐकू येत होतं, “...सेट झालाय, काळजी नको करूस.”

“म्हणजे सेट फिक्स झालाय?” फादीने विचारलं.

खरं तर मला नीट ऐकू आलं नव्हतं. पण माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं आणि हुशारी दाखवायची खाज होती. म्हटलं, “हो, आमच्याकडे ‘सेट’ म्हणजे आधीच जमवलेलं, असंही होतं.”

“खलास. पास कॅन्सल.”

पास गेला म्हणजे नोकरी गेली, आणि हातात परतीचं तिकीट. संकेत शेजारच्या खोलीतच बसला होता. त्यालाच अर्थ विचारावा, असं माझ्या मनातही आलं नाही.

संध्याकाळी अल सद्दच्या घरून सासूबाईंना फोन केला. “आम्ही इथे छान सेट झालोय, आई,” मी म्हणाले आणि घाईने फोन ठेवला.

हेडफोन लावून क्लिप पुन्हा ऐकली. ‘झालाय’ नाही, ‘झालोय’. पोरगा घरी सांगत होता, मी इथं रुळलोय. एका मात्रेवरून मी त्याला चोर ठरवलं होतं. मग मॅचचं रेकॉर्डिंग पाहिलं. त्याच खेळाडूने गुडघ्यासाठी फिजिओला बोलावलं होतं, भाव त्यामुळे पडला होता. हे आधी बघायचं असतं. आम्ही मराठी ऐकत बसलो.

सकाळी फादीला सगळं सांगितलं.

“मग काल वेगळं का सांगितलंस?”

“ऑडिओ खराब होता.”

अर्धंच खरं. ‘मला कळलं नव्हतं’ हे काही तोंडातून निघालं नाही.

फोन वापरल्याबद्दल संकेतला वॉर्निंग मिळाली, पण पास परत मिळाला. दुपारी तो माझ्या टेबलाशी आला.

“ताई, तिथं आपलं माणूस होतं म्हणून वाचलो बघा. नाहीतर ह्या लोकांनी काय अर्थ लावला असता! आईला सांगितलंय मी तुमचं. लई आशीर्वाद दिलेत तिनं.”

सांगायची हीच वेळ होती. मी म्हणाले, “अरे, कामच आहे ते माझं.” वर त्याला चहाही पाजला. चूक कळली तेव्हाही एवढी लाज वाटली नव्हती.

आता ऐकू आलं नाही, की मी ‘ऐकू आलं नाही’ असंच लिहून देते. बॉस तोंड वाकडं करतात, करू देत. संकेतच्या आईचे आशीर्वाद मात्र अजून माझ्याच नावावर आहेत.