ओला मुद्देमाल

ही गोष्ट नर्मदाकाठच्या हिंदी मुलखातली. मी तेव्हा ठाणेदार होते. नर्मदेतून एक जुनी बुडालेली नाव निघाली होती. तिच्या फळ्या अधारतालकडच्या पुरातत्त्व खात्याच्या शेडमध्ये औषधी पाण्याच्या टाकीत ठेवल्या होत्या. त्यातली तोंडाकडची कोरीव फळी चोरीला गेली. फळ्यांची देखभाल करणारी ताई, आपल्याच मराठी घरातली, तक्रार द्यायला आली ती बसेचना.

"बसा तरी. पंचनामा करू, मग..."

"चोर मागाहून पकडा मॅडम. ते लाकूड वाळून राहिलं असेल."

"वाळलं तर वाळलं. लाकूडच ना?"

तिने पर्समधून एक सुरकुतलेला तुकडा काढला. "हा विटेएवढा होता. आतून लाकूड कधीचंच गेलं, पाण्याच्या आधारानं उभं होतं. पाणी एकदम गेलं की असं होते. आम्ही पाण्याच्या जागी मेणासारखं औषध मुरवतो, हळूहळू. मग वाळवतो."

आल्याची सुंठ झाली होती नुसती. मग मलाही खुर्चीत बसवेना.

खबर दिली पनागरच्या भाजीवालीने, तिचा माल भाड्याच्या पिकअपने बाजारात यायचा. "दीदी, पिकअप पूरी गीली थी. मेरी गोभी में कीचड़ की बास आ गई." पिकअपवाल्याला उचललं. माल त्याने कुंडमच्या फाट्यावर उतरवला होता, पुढचं त्याला ठाऊक नव्हतं. भाडं मात्र शेडचे दरवाजे बसवणाऱ्या ठेकेदाराने दिलं होतं.

ठेकेदार पक्का. पाय पसरून बसला, वर चहा मागितला. "मैडम जी, मैं तो दरवाज़े का आदमी हूँ." उलटसुलट विचारलं, दम दिला, काही नाही. माझं अर्धं लक्ष खिडकीतल्या उन्हाकडे. माझा अनुभव असा, की जो तुरुंगाला भीत नाही तो नुकसानीला भितो. ताईचा तो तुकडा त्याच्यासमोर ठेवला.

सुताराचाच हात, नखाने खरवडून पाहिलं. "ये कौन-सी लकड़ी है?"

"तेरे माल की बहन है. धूप लगी है इसको."

त्याने पाय आखडले. "कितने दिन में ऐसी होती है?"

मी खिडकीतल्या उन्हाकडे बोट केलं. चहावर साय धरली.

"साले के यहाँ है, कुंडम में. टिन के नीचे. मैडम जी, गीले बोरे डलवा दो जल्दी."

फळी एका टोकाला तडकली होती, बाकी वाचली. पण कोर्टाचा हुकूम येईस्तोवर ती ठाण्यातच राहणार. हवालदार कापड आणि लाख घेऊन हजर. मुद्देमाल कोरड्या कपड्यात बांधायचा, सील करायचा, हा नियमच. ताई फळीवरची ओली पोती दोन्ही हातांनी दाबून उभी. त्या पोत्यांवर लाखही धरेना.

"टाकी आणा पत्र्याची," मी म्हटलं. "फळी पाण्यात राहील. सील झाकणाला."

"मैडम, साहब लोग हँसेंगे."

"हँसने दो. बाल्टी लाओ."

कोर्टाने फळी ताईच्या ताब्यात देईपर्यंत मी येता-जाता टाकीला हात लावून बघायची, कुठे गळत तर नाही.

ठाण्यात रडत आलेल्या बाईला सांगायची रीत असते, आधी डोळे पूस, मग बोल. त्या केसनंतर माझ्या टेबलासमोर कुणाला असं सांगितलं गेलं नाही. मी पाण्याचा पेला पुढे सरकवायची आणि थांबायची. कोण कशाच्या आधारानं उभं आहे, आपल्याला काय ठाऊक.