आई उठली की दवाखाना उठतो

आमच्या मुरुम गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना "आता वय झालं, आराम करा" हे औषध मीच दिलेलं आहे. फॅमिली डॉक्टर म्हणून माझा त्यात हातखंडा. बीपी बघायचा, साखर बघायची, पाठीवर थाप मारून हे वाक्य म्हणायचं. पेशंट खूश, मी खूश.

आईलाही मी तेच दिलं होतं. आमच्या घरात भवानीची परडी आहे. मंगळवारी ती टोपली हातात घेऊन पाच घरी जोगवा मागायचा, हा आईचा वर्षानुवर्षांचा नेम. एका मंगळवारी ती देवापुढं बसली आणि तिला उठताच येईना. मी आणि रेखानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोन्हीकडून धरून तिला उभी केली. "रेखा, परडी आता तू घे," आई म्हणाली आणि रडली. माझी आई रडणाऱ्यातली नव्हे. वडील गेले तेव्हा आम्हाला सगळ्यांना तिनंच सावरलं होतं.

रेखा माझ्याकडं वळली. "अख्ख्या गावाचा बीपी बघता. आईंच्या पायाकडं कधी बघितलं का?"

बघितलं. पोटरीच्या जागी नुसतं कातडं! हात न टेकता खुर्चीवरून ऊठ म्हटलं तर जागची हलेना. वयानं स्नायू झिजतात हे मी कॉलेजात वाचलं होतं. पण त्यावर करायचं काय, असं कुणी विचारलं असतं तर मी टॉनिक लिहिलं असतं (आईला लिहिलंही होतं). शेवटी लाज गुंडाळून सोलापूरच्या माझ्या जुन्या सरांना फोन केला. त्यांनी आधी माझी यथेच्छ हजेरी घेतली, मग सांगितलं: आराम बंद, खाणं वाढव आणि रोज खुर्चीवरून उठबस, झेपेल तशी वाढवत.

खाणं रेखानं ताब्यात घेतलं. चहात बुडवलेली चतकोर भाकरी गेली. मटकीची उसळ, डाळ, दूध आलं, उपासाला शेंगदाण्याची आमटी. पण घरात धड खुर्ची नव्हती, होता तो सोफा (त्यात बसलेलं आमच्यातलं कुणीच लवकर उठत नाही). म्हणून मी आईला खाली दवाखान्यात, पेशंटच्या रांगेतल्या लाकडी खुर्चीवर आणून बसवलं. इथंच माझं चुकलं.

आई उठली. शेजारी रसूलचाचा गुडघा धरून बसले होते. चाचा म्हणजे जुने शिंपी, वडिलांचे जिगरी दोस्त. तेही उठले. ते उठले म्हणून अख्खं बाकडं उठलं. मोठं माणूस उभं असताना आपण बसायचं नाही, ही आमच्याकडची शिस्त! आई बसली, सगळे बसले. आई पुन्हा उठली, सगळे पुन्हा उठले. आतल्या खाटेवरचा एक गडी तर सलाईनची बाटली हातात धरून उठला!

मी धावत बाहेर आलो. चाचा, तुम्ही बसा, हा आईचा व्यायाम आहे, असं हात जोडून सांगितलं.

"वैनी उभ्या अन् म्या बसू?" चाचा म्हणाले. "वरून तुमचे वडील बघायलेत, डाक्टर."

मग मी आईलाच बस म्हणालो. तर ती म्हणाली, "आधी ऊठ म्हणलास, आता बस म्हणतूस. एक काय ते ठरीव."

दुसऱ्या दिवशी गावभर बोभाटा झाला की डॉक्टर तपासायच्या आधी उठाबशा काढायला लावतो. मला वाटलं, संपला आपला दवाखाना. पण झालं उलटंच. गावातले म्हातारे काही दुखत-खुपत नसताना रोज सकाळी येऊन आईभोवती बसू लागले, म्हणजे उठू लागले. चाचांचा गुडघा कुरकुरायचा थांबला (मी त्याला कधीपासून मलम चोळायला देत होतो). आणि मी? आता म्हातारा पेशंट आला की मी आधी त्याच्या पोटऱ्या बघतो.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी आई देवापुढं बसली. पूजा झाली. रेखानं हात पुढं केला, आईनं तो बाजूला सारला आणि ती एकटीच उठली. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. "उदो" म्हणत जिना उतरली आणि रस्त्याला लागली. ती पाचव्या घरी पोचेपर्यंत मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. छाती अशी फुगली होती की विचारू नका. येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगत होतो, ती माझी आई आहे. (गावाला जसं काही माहीतच नव्हतं!)

आत येऊन खुर्चीवर बसलो. बाकडी रिकामी होती. तेवढ्यात रसूलचाचांनी दारातून डोकावलं.

"वैनी कुठं हायत?"

"जोगव्याला गेलीय."

"मग उद्या येतो."

"अहो चाचा, मी आहे की. या, बसा."

"नुसतं बसायला घरी खुर्ची हाय की, डाक्टर."