शेठच्या गाडीचा लाल दिवा

मोटरसायकल मला चालवता येत नाही. तेव्हाही येत नव्हती, आता या वयात तर प्रश्नच नाही. पण तिची बॅटरी का भरत नाही ते मला सांगता येतं. आणि ते सांगण्याची घाई मला फार महागात पडली, म्हणून हे लिहायला बसले.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट असेल. सातपूरला मोठ्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला लहान लहान गाळे होते. त्यातल्या एका गाळ्यात आम्ही पाच बायका जळालेल्या विजेच्या मोटारी भरायचो. भरायच्या म्हणजे आतली जळकी तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, वेढे मोजून. माझी शाळा सातवीपर्यंतच, बाकी सगळं हाताने शिकवलं. आम्हाला मजुरी नगावर. भरलेला नग तपासायचं टेबल मात्र दाराशी, उजेडात. तिथे मीटर, तिथे स्टूल, तिथेच पंखा. त्या टेबलावर कायम पुरुषमाणूस बसायचा आणि त्याचं नाव हजेरीपटावर असायचं. तो चार दिवस तापाने पडला तरी त्याच्या घरची चूल पेटायची. आमचा हात थांबला की आमची थांबायची.

त्या वर्षी पावसाळ्यात तिथला माणूस ओझरला विमानाच्या कारखान्यात लागला आणि टेबल रिकामं झालं. मला ते टेबल हवं होतं. सरळच सांगते, लाजायचं काय त्यात? सात वर्षं मी त्या मीटरचा काटा लांबून बघत होते, कुठल्या नगाला तो कुठे थांबतो ते मला पाठ झालं होतं. मी शेठला विचारलं. शेठ हसले. "बाई टेबलावर? गिऱ्हाईक काय म्हणेल?" मी काही हलले नाही तशी म्हणाले, "बघू दिवाळीनंतर." म्हणजे दार अगदी बंद नव्हतं.

आता शेठची गाडी. दोन सायलेन्सरची जुनी मोटरसायकल, देवळालीच्या कुणाकडून तरी घेतलेली. शेठचा तिच्यावर भारी जीव. खंडेनवमीला गाळ्यातली सगळी हत्यारं, यंत्रं धुऊनपुसून रंगवायची आमच्याकडे रीत होती. त्या वर्षी यंत्रांना लावून हिरवा रंग बराच उरला. शेठनी गाडी सगळी उघडवली, सीट काढली, आतला सांगाडा, पट्ट्या, कानेकोपरे, काही म्हणता काही सोडलं नाही. दसऱ्याला झेंडूचा हार घालून उभी केली तेव्हा नव्या नवरीसारखी दिसत होती.

तिसऱ्या दिवशी ती त्र्यंबक रोडवर बंद पडली. पहिली पाळी सुटलेली, सायकलींची ही गर्दी, आणि त्यातून शेठ गाडी ढकलत आले. बॅटरी उतरली होती. चार्ज करून आणली, दोन दिवस चालली, परत उतरली.

त्या गाडीला हेडलाइटपाशी एक बारका लाल दिवा होता. चावी फिरवली की लागायचा आणि इंजिनाने जोर धरला की विझायचा. विझला म्हणजे समजायचं, डायनमो बॅटरीला करंट देतोय. आता तो विझेचना. मग काय, सगळे पुरुष भोवती जमले. एकाने डायनमोचे कार्बन बदलले. दुसऱ्याने सीटखालच्या कट-आऊटचे पॉइंट घासले. कट-आऊट म्हणजे एक डबी असते, ती डायनमोचा करंट बॅटरीकडे सोडते. तरी दिवा लालच. शेवटी डायनमोचं आर्मेचर, म्हणजे आतला तार गुंडाळलेला फिरता गाभा, काढून माझ्यापुढे आणून टाकलं, "भर परत." मी दोन दिवस जीव लावून भरलं. शेठनी स्वतः तपासलं, चांगलं निघालं. गाडीत बसवलं, किक मारली, दिवा लाल.

"हिनेच भरलं ना हे?" शेठ सगळ्यांसमोर म्हणाले. "आणि हिला टेबल पाहिजे!"

पुरुष हसले. बायकाही हसल्या, ते मला जास्त लागलं. शेठ चिडलेलेच होते, जाता जाता म्हणाले, "हा दिवा जो विझवेल त्याने बसावं टेबलावर, जा!" रागात म्हणाले, पण म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी शेठ बाजार समितीतली एक मोटार पोचवायला लासलगावला गेले, गाडी बंद म्हणून एस.टी.ने. मी आपली तारेची टोकं ब्लेडने खरवडत बसले होते. आमची तार दिसायला नुसतं तांबं दिसते, पण तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो. तो खरवडल्याशिवाय जोड दिली तर करंट जातच नाही. नवीन आलेली प्रत्येक बाई ही चूक करते, मीही केली होती. खरवडता खरवडता माझा हात थांबला. अगं बाई, म्हटलं, रंग! त्या कट-आऊटच्या डबीला परतीची वायरच नाही. ती सांगाड्याच्या लोखंडाला टेकलेली असते, तेच तिचं अर्थिंग. आणि शेठनी डबीखालची पट्टीसुद्धा हिरवीगार केलेली!

मला काही राहवेना. आमच्याकडे मोटारी उचलायला आणि वॉर्निशमध्ये बुडवायला एक जण होता, माझ्याच वयाचा, निफाडकडचा, दोन लेकरांचा बाप. मला ताई म्हणायचा. त्याची बायको बाळंतपणाला गेली तेव्हा तीन महिने त्याचा डबा मी आणला होता. मीटर वाचायला त्याला शिकवलं तेही मीच. जेवताना त्याला सगळं सांगितलं.

"नाय ओ ताई," तो म्हणाला, "रंगानं काय व्हतंय? लोखंड ते लोखंड."

"अहो भाऊ, दसऱ्यापर्यंत गाडी ठीक होती की नाही? मग दसऱ्याला काय केलं तिला? रंगवलीच ना? वायरचा तुकडा घ्यायचा. एक टोक डबीला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. दिवा विझला तर माझं खरं."

त्याने हातातला घास खाली ठेवला. "लय डोकं हाय ताई तुमचं," म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग तूच का नाही केलंस तेव्हाच्या तेव्हा? शेठची पूजा झालेली गाडी, त्यांच्या माघारी हात कसा लावायचा? आणि साडीत किक बसते का? म्हणून तर त्याला सांगितलं. आमचं ठरलं, संध्याकाळी शेठ आले की त्यांच्यासमोर वायर मी धरायची, किक त्याने मारायची. सहापर्यंत वाट पाहिली. शेठ येईनात. घरी साडेसहाला नळाला पाणी यायचं, अर्धा तासच. मी निघाले. म्हटलं, उद्या.

सकाळी आले तर गाडी दारात धडधडत होती. दिवा विझलेला. सीटखाली रुपयाएवढी जागा खरवडून लोखंड चकचकीत केलेलं. माझ्या बसायच्या जागी माझं ब्लेड होतं, त्याच्या धारेला हिरवा रंग. आणि स्टुलावर भाऊ.

मी त्याच्यापाशी गेले. "माझं नाव सांगितलंत का हो?"

"ताई, शेठ घाईत व्हते. सांगनारच व्हतो."

मग शेठकडे गेले. म्हटलं, हे मी शोधलं होतं.

"मग केलं का नाहीस?" शेठ म्हणाले.

"किक मारायला..."

"तेच तर! टेबलावरच्या माणसाला मोटार उचलावी लागते, किक मारावी लागते." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "काय रे, हिने सांगितलं होतं?"

त्याने मीटरवरची नजर काढली नाही. "बोलनं झालं व्हतं आमचं," म्हणाला.

बोलणं! म्हणजे नळावर दोन बायका बोलतात तसं.

मी काम सोडलं नाही. सोडून जाणार कुठे? पण त्या दिवसापासून तोंड शिवून घेतलं. माझ्या ज्ञानाचा एक वेढासुद्धा कुणाला फुकट द्यायचा नाही, असं ठरवलं.

दिवाळी होऊन महिना झाला असेल. पाण्याच्या पंपाची एक मोटार घेऊन तो माझ्यापाशी आला, हळूच म्हणाला, "ताई, मीटरवर बरोबर दावती, पन चालवली का घुमती. जरा ऐकता का?" त्याने चालवली. मला ऐकताक्षणी कळलं, एक कॉईल उलटी जोडली गेली होती. मीटरला ते दिसत नाही, कानाला कळतं. दोन जोड उलटे केले की पाच मिनिटांचं काम.

"मला काय कळतंय?" म्हटलं. "मी भरणारी बाई."

तो मोटार उचलून टेबलाकडे परत गेला. मोटार तशीच गिऱ्हाईकाकडे गेली. आठवडाभरात जळून परत आली. मला वाटलं होतं, आता उठेल हा स्टुलावरून. पण शेठ त्याला एक शब्द बोलले नाहीत. नग कुणी भरला होता ते वहीत बघितलं. आमच्यातली सगळ्यात थोरली बाई, डोळे अधू झालेली, तिचा तो नग होता. तिने तो परत सगळा भरायचा, मजुरीशिवाय, असा हुकूम झाला.

ती मान खाली घालून जळकी तार उपसत बसली. मी शेजारीच होते. तिने विचारलं, "का गं, तो तुझ्याकडे आला होता ना ही घेऊन? तुला काही ऐकू आलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."