केसरबाईची टाच

गोंडपिपरीच्या पुढच्या त्या गावात धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, निघाली की आधी केसरबाईला निरोप जायचा. बाई बोलायला बेताची, पण वाकून चिखलात मागे मागे सरकत पऱ्हे, ती भाताची रोपं, खोचायला लागली की तरण्या पोरींना धाप लागायची. गाणंही हिचंच. नवरा सोमाजी चिखलणी आटोपून शेताच्या कडेला धुऱ्यावर बसायचा आणि ऐकायचा. कौतुकाचा एक शब्द तोंडातून काढेल तर शपथ!

अशा बाईची उजवी टाच धरली. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की डोळ्यांत पाणी. मोहाच्या टोरीचं तेल चोळून झालं, तापल्या विटेचा शेक झाला. शेवटी चंद्रपूरच्या डॉक्टरांनी मशीनचा इलाज सांगितला, तर बाईनं जायच्या आधी टाचेवर बिब्बा लावला. मशीनचं काम हलकं व्हावं म्हणे! आता काय बोलावं? कातडीवर टरारून फोड आले. मशीन चालवणाऱ्या सरिता मॅडमनी कपाळाला हात लावला आणि फोड वाळल्यावर या म्हणून परत पाठवलं.

पुढच्या खेपेला सोमाजी सोबत होता. मॅडमनी टाचेमागे थंड, चिकट जेल लावलं, मशीनचं टोक टेकवलं आणि ठोके सुरू झाले. केसरबाईनं पलंगाची कड घट्ट धरली. दुखते तिथंच काऊन मारता, असं तिनं कळवळून विचारलं, तेव्हा मॅडमनी समजावून सांगितलं. पोटरीला टाचेशी बांधणारी एक दोरी असते, तिला कंडरा म्हणतात. त्या दोरीचे धागे तिच्यातल्याच बारीक पेशी तयार करतात. वर्षानुवर्षं ताण बसून धागे विस्कटले आणि पेशींच्या हातून ते नीट सांधेनात. या ठोक्यांच्या लाटा आत पोचल्या की पेशी पुन्हा कामाला लागतात, नवे धागे विणतात. पण नवा धागा कच्चा. दुखणं आधी थांबतं, दोरी पक्की होते मागाहून. मधल्या दिवसांत पाय चिखलात रुतून हिसका बसला तर दोरी तुटूही शकते. तेव्हा यंदा रोवणा नाही, असं मॅडमनी बजावून सांगितलं.

झालं! काही खेपांत ठणका गेला, पण बाईचा जीव घरात रमेना. गावात रोवणा अदलाबदलीनं चालतो. आज मी तुझ्या शेताच्या बांधीत, उद्या तू माझ्या. बाईच्या बदल्यात बाईच. आपण कोणाकडे गेलो नाही तर आपल्या बांधीत कोणाला कोणत्या तोंडानं बोलवायचं? इकडे पऱ्हे वाढत चालले होते, रोवायला उशीर झाला की वाया. शिवाय टाच दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे बरं झालं, हे आपलं सगळ्यांचंच गणित. सोमाजीनं जेवताना मॅडमच्या बोलण्याची एकदा आठवण करून दिली, तिनं हूं केलं. आणि शेजारच्या ललिताचा रोवणा होता त्या सकाळी, नवरा घरात नाही असं पाहून, टाचेला फडकं गुंडाळून बाई निघालीच.

बांधीजवळ येते तर बायांचं नुसतं खिदळणं. आणि बायांच्या ओळीत, पॅन्ट गुडघ्याच्या वर दुमडून, सोमाजी! त्या गावात पुरुष नांगर धरतो, पऱ्ह्यांच्या पेंड्या वाहतो, पण वाकून रोवत नाही. रोवलं तर मळणीपर्यंत गाव त्याला सोडत नाही. ललिता वयानं लहान पण जिभेनं भारी. ती त्याला 'सोमाबाई' म्हणून हाका मारत होती. गडी मान खाली घालून खोचत होता, एक काडी इकडे, एक तिकडे.

केसरबाईचा पारा चढला. धुऱ्यावरूनच तिनं विचारलं, "लाज नाई वाटत का तुमाले?"

सोमाजी कंबर धरून हळूहळू सरळ झाला. "वाटते. पण तुया बदल्यात कोणी त पायजे. धान एक साल नाई झालं त चालते. तुया पाय गेला त मी कोणासंगं चालू?"

केसरबाई मटकन धुऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. लग्न झाल्यापासून हा माणूस तिच्याशी असं कधी बोलला नव्हता. मग ललिताच म्हणाली, "बाई, तू वर बसून गाणं म्हण. तुया रोवण्याले आमी येतोच. अन् सोमाभाऊले घरीच ठेव, त्याचं रोवलेलं आमालेच पुन्हा रोवा लागते."

केसरबाईच्या साऱ्या बांध्या रोवल्या गेल्या. ती मात्र चिखलात उतरली नाही. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे पायरीच्या कडेला उभी राहून टाच वर-खाली करत राहिली.

धान पिवळं पडायला लागलं तेव्हा मॅडमनी तिला उजव्या पायावर उभं करून टाच उचलायला लावली. तिनं उचलली, पुन्हा उचलली, चेहरा आक्रसला नाही. मॅडमनी कंडरा दाबून पाहिली आणि पुढच्या साली चिखलात उतरायला हरकत नाही म्हणाल्या. केसरबाई हरखून नवऱ्याकडे वळली. सोमाजी भिंतीकडे तोंड करून दुपट्ट्यानं डोळे पुसत होता.

तिनं मॅडमसमोरच त्याचा हात धरला. चारचौघांत असं हात धरणं बाईला शोभत नाही म्हणतात. म्हणोत बापडे! एसटी लागेपर्यंत तिनं तो सोडला नाही.