दोर फांदीला होता

"एल-वन बर्स्ट फ्रॅक्चर," एक्स-रे खिडकीच्या उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, थेट माझ्या पायाच्या अंगठ्यालाच विचारावं तसं त्यांनी विचारलं, "हलतो का?"

अंगठ्याने बराच विचार केला आणि जरासा हलला. "इनकम्प्लीट," डॉक्टर म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. एल-वन म्हणजे कमरेचा पहिला मणका. बर्स्ट म्हणजे तो नुसता तडकलेला नाही, चिरडला आहे आणि त्याचे तुकडे आतल्या नसांवर दाबून बसले आहेत. इनकम्प्लीट म्हणजे इजा अपुरी आहे, नसा दबल्यात, तुटल्या नाहीत. माझं एखादं काम अपुरं राहिल्याचा कुणाला आनंद होण्याची ही पहिलीच वेळ होती.

मी झाडं छाटतो. पावसाळ्याआधी विजेच्या तारांत घुसलेल्या फांद्या, बंगल्यांवर कललेली झाडं, नागपूरबाहेर मिहानकडच्या कंपन्यांच्या आवारातली वाळकी खोडं. ठेकेदार काम घेतो, आम्ही चढतो. मजुरी झाडामागे असते, दिवसामागे नाही. झाड पुरं झालं तर पैसे. मध्येच खाली आलात, मग ते कसेही आलेले असा, तर अर्ध्या झाडाला भाव नाही.

झाडावर दोर एकच असतो आणि तो फांदीला बांधतात. खालचा माणूस दोराचं दुसरं टोक धरतो आणि कापलेली फांदी हळूहळू उतरवतो, कारण खाली कुणाची तरी गाडी असते, कौलं असतात, भिंतीवरचे शोभेचे दिवे असतात. कापणारा वर तसाच बसतो.

शहरातल्या सदर भागात, मागच्या बाजूच्या एका बंगल्यात गुलमोहर होता. गुलमोहर फुलतो झकास, पण त्याचं लाकूड ठिसूळ. एक फांदी पोर्चमधल्या नव्या गाडीवर झुकली होती. माझा मेहुणा धम्मदीप खाली दोर धरून होता. त्याने ती इतकी अलगद उतरवली की गाडीवर पानही जोरात पडलं नाही. मी ज्या फांदीवर बसलो होतो ती दोराशिवाय उतरली.

दवाखान्याच्या अपघात विभागात धम्मदीपने आमच्यातलं ठरलेलं वाक्य सांगितलं. "घरच्या बोरीवरून पडले."

आमच्या धंद्यात जो पडतो तो घरच्याच झाडावरून पडतो. ठेकेदार औषधपाण्याचं तोंडी कबूल करतो आणि त्या बदल्यात त्याचं नाव कुठे येत नाही, अशी रीत आहे. आमच्या वस्तीत खरोखरच इतकी झाडं असती तर नागपूरचा उन्हाळा आम्हालाही सोसला असता. आमच्या दारात कुंडी ठेवायलाही जागा नाही.

लिहिणाऱ्या तरुण डॉक्टरने मान वर केली. "बोर? केवढी उंच आहे हो तुमची बोर?"

"जुनी हाय साहेब," धम्मदीप म्हणाला.

असं पडून कुणी आलं की त्याची एमएलसी होते. एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस. दवाखाना पोलिसांना कळवतो आणि तुम्ही बोलण्याच्या अवस्थेत आलात की पोलीस येऊन जबाब घेतात. कामावर पडलो असं जबाबात आलं तर मालकाकडे भरपाई मागता येते. घरच्या बोरीवरून पडलो असं आलं तर भरपाई बोरीकडे मागायची.

पहिला जबाब राहून गेला, कारण मी औषधांच्या गुंगीत होतो. ऑपरेशन झालं. मणक्याच्या वर-खाली स्क्रू बसवून त्यांना सळ्यांनी जोडलं. त्यानंतर सुरू झाला लॉग रोल. पाठीला पीळ बसू नये म्हणून चौघांनी मिळून, एकाच वेळी, रोग्याला अख्खा कुशीवर वळवायचा, याला लॉग रोल म्हणतात. लॉग म्हणजे ओंडका. मी एवढे ओंडके लोळवले, पण इतक्या प्रेमाने एकही नाही. जखमा होऊ नयेत म्हणून हे दर थोड्या वेळाने करतात. कंटाळू नका, करवून घ्या.

दोन लॉग रोलच्या मध्ये घरच्यांची चर्चा चालायची. मी छताकडे बघत ऐकायचो.

"भाऊजी, जबाबात बोरच सांगजा," धम्मदीप म्हणाला. "ठेकेदार म्हणते, दवाखान्याचं मी पाहतो. नाही तं मलेही काम बंद."

"अन् हे उठलेच नाही तं?" माझी बायको करुणा म्हणाली. "तो काय जलमभर पाहून राहिला?"

"तुले काय समजते वं ताई?"

"मले एवढं समजते का आपल्या घरी बोर नाही."

पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत. विहारातल्या वाचनालयातलं एक कपाट मी संपवलं आहे. त्यांत सत्य बोलणारा माणूस सहसा उभा असतो. मला तर कुशीवर वळायला चौघं लागत होते, आणि माझ्या खऱ्या बोलण्याने ज्याची चूल बंद होणार होती तो माझ्या उशाशी संत्रं सोलत बसला होता. काय सांगायचं ते माझं ठरत नव्हतं.

ते ठेकेदाराने ठरवून दिलं. एका सकाळी तो फोटोग्राफर घेऊन वॉर्डात आला. कुठल्याशा संस्थेतर्फे माझा 'वृक्षमित्र' म्हणून सत्कार होता. खाटकाला शेळीमित्र म्हणावं तसं हे झालं, पण सत्कार करणाऱ्याला मध्येच अडवत नाहीत. "अशा निसर्गसेवकांमुळे आपलं शहर हिरवंगार आहे," असं तो सलाइनच्या बाटलीला उद्देशून म्हणाला.

अडचण शालीची झाली. शाल खांद्यावर घालायची तर मला बसवावं लागणार, आणि बसवायला डॉक्टरांची मनाई. मग त्याने ती माझ्या पायांपासून गळ्यापर्यंत पांघरली, वर हार ठेवला आणि नारळ पोटावर ठेवला.

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने हात जोडले. त्याने पोराला हळूच विचारलं, "केव्हा गेले गा हे?"

करुणा तोंडाला पदर लावून हसली, आणि मग तिचं हसू कुठे संपलं ते मला कळलं नाही. तिचे खांदे हलत राहिले.

तेवढ्यात जबाब घ्यायला पोलीस आला. "कसे पडले?"

"घरच्या झाडावरून," ठेकेदार म्हणाला. "घरगुती मामला आहे साहेब."

"तुम्हाले नाही, यायले विचारून राहिलो."

मी करुणाकडे बघितलं. "बंगल्यातला गुलमोहर," मी म्हणालो. "काम या ठेकेदाराचंच. दोर फांदीले होता, मले नव्हता."

प्रत्येक शब्दाबरोबर पोटावरचा नारळ वर-खाली होत होता. फोटोग्राफरने विचारलं, "घेऊ का सर?" सर म्हणाले, नको. जाताना ते नारळ घेऊन गेले.

धम्मदीप मात्र तिथेच थांबला होता. "भाऊजी, तुम्ही झोपून बोलता," तो म्हणाला. "झाडावर चढाचं मले हाय." मग तोही गेला, आणि बरेच दिवस आला नाही. ठेकेदाराने शब्द पाळला आणि त्याचं काम बंद केलं.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते फार हळू घडलं. फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला आधी बसायला शिकवलं, मग उभं राहायला, मग वॉकर धरून चालायला. डाव्या पायाला फूट ड्रॉप आहे, म्हणजे पाऊल वर उचललं जात नाही, घासत येतं. आता काठी आहे. झाडावर पुन्हा चढता येईल का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही आणि त्यांनीही तो विषय काढला नाही. भरपाईचा दावा चालू आहे. दर तारखेला ठेकेदाराचा वकील विचारतो की मी त्याच्या अशिलाचा कामगार होतो हे कशावरून, आणि दवाखान्याच्या पहिल्या कागदावरची बोर दाखवतो. सत्काराची शाल आम्ही घरात वापरतो. ऊब बरी आहे.

हंगाम भरात आला आणि चढणारे कमी पडले, तसं ठेकेदाराने धम्मदीपला परत बोलावलं. पहिल्याच दिवशी काम सुटल्यावर तो घरी आला, माझ्यासमोर बसला आणि हातातला चहा तसाच बाजूला ठेवला.

मग त्याने सांगितलं. झाड कडूनिंबाचं होतं, आणि दोर नेहमीप्रमाणे एकच. त्याने तो वर नेला, जाड बेचक्यातून घातला आणि स्वतःच्या कमरेला बांधला.

खालचा माणूस ओरडला, "दोर फांदीले बांध ना गा! खाली गाडी हाय!"

"मीबी आहो वर!" धम्मदीपने ओरडून सांगितलं आणि फांदी कापली. गाडीची मागची काच गेली. मालक घरातून धावत आला, त्याने ठेकेदाराला फोन लावला, आणि जेवणाच्या सुट्टीआधी दुसरा दोर हजर झाला. नवाकोरा. आता रोज दोन असतात.

"अन् तुले काढलं नाही?" करुणाने विचारलं.

"काढून चढवाचं कोणाले?" धम्मदीप म्हणाला आणि थंड चहा एका घोटात प्यायला.

मी पडलो तेव्हा ठेकेदाराला शाल सुचली. काच फुटली तेव्हा दोर सुचला.

चढणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की अपघात विभागातलं पहिलं वाक्य खरं सांगा, आणि तुमच्यासोबत दवाखान्यात येणाऱ्यालाही ते आधीच सांगून ठेवा. आभार मानायचे तर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचे, मला चालवणाऱ्या मॅडमचे, लॉग रोलवाल्या चौघांचे आणि करुणाचे मानतो. आणि त्या गाडीच्या काचेचे.